काचेची खोली

माझ्या सासऱ्यांनी मुलगे झाले तशी नावं ठेवली:
शद्रख, मेशख, आणि धाकट्याचं अबेद्नगो.
राहुरीच्या शाळेत गुरुजींना ते शेवटचं काही जमेना,
हजेरीपटावर त्यांनी सरळ 'आबा' लिहिलं
आणि तो जन्मभर आबाच राहिला.

थोरला माझ्या वाट्याला आला. ग्रिम्स्बीत.
मासे गोठवायच्या कारखान्यात,
रविवारी दीडपट पगार.

आधी एकच रविवार.
म्हणाला, काचेच्या खोलीपुरताच.
घरामागे, मोरीच्या पाइपापासून कुंपणापर्यंत,
दहा बाय बारा, तीन बाजूंना काच, वर काच,
खाली परदेशी फरशी.
उन्हाची खोली म्हणतात.
ऊन समुद्रावरून येता येता थकतं इथे,
पण खोली आहे.

मग फरशीपुरता एक. मग पडद्यांपुरता.
मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू,
वेताच्या खुर्च्या मीच निवडल्या.
चर्चमधली मिसेस हॉलम आली
तेव्हा चहा तिथंच मांडला
आणि तिची नजर छताला लागेपर्यंत
कप काही पुढे केला नाही.

मूर्ती म्हटलं की आम्हाला दुसऱ्यांच्या आठवायच्या.
सासरे सांगत, त्यांच्या आज्याने
बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी घरचे टाक
परडीत घालून थोरल्या भावाकडे पोचते केले,
"तुझे तू सांभाळ," म्हणाला,
आणि बांधावर बसून रडला.
आमच्या घरात टाक नव्हते.
म्हणून आम्ही निर्धास्त.

त्या खोलीत जाताना शद्रख बूट बाहेर काढी.
शनिवारी संध्याकाळी पिवळं फडकं घेऊन
गुडघ्यांवर बसे, फरशी फरशी पुसत जाई,
कपाळ जमिनीला टेकेल इतका वाकून.
कितीदा पाहिलंय मी.
काही वाटलं नाही.

जानेवारीत बॉयलर बंद पडला.
माणूस सोमवारी येतो म्हणाला, आणि वार शुक्रवार.
स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून
आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो, एका रजईत.
सलोमीने विचारलं,
"बाबा, तुमचं नाव असं कसं? शाळेत सगळे विचारतात."

त्याने सांगायला घेतलं.
राजाचा पुतळा, साठ हात उंच. कर्णे वाजले की वाकायचं.
न वाकेल त्याला भट्टी.
आणि ही तीन पोरं उभीच.
म्हणाली, देव सोडवील आम्हाला,
आणि नाही जरी सोडवलं...

तिथे तो थांबला.
दारापलीकडच्या काचेवर बर्फ धरलं होतं,
त्यात ओव्हनचा लाल डाग, आणि आमच्यासारखं काहीतरी.
"नाही सोडवलं तरी काय?"
तो बोलेना.
"त्यांना थंडी तरी नाही ना वाजली," सलोमी म्हणाली
आणि त्याच्या मांडीवर झोपून गेली.

मग हळूच मला: "किती रविवार झाले गं?"
मी मोजले नव्हते.
मी खुर्च्या मोजल्या होत्या. चार.
माणसं तीन.
चौथी कुणासाठी घेतली, आठवेना.

त्या रविवारी तो चर्चला आला,
कोटाला माशांचा वास, मागच्या बाकावर.
गाणी विसरला होता, पुस्तक मात्र उलटं धरलं नव्हतं.
पुढच्या रविवारी पुन्हा कामावर गेला. हप्ता होता.
त्याच्या पुढच्या रविवारी नाही गेला.
सुटतं ते असं, रखडत.
परडीत घालून द्यायला टाक असते
तर बरं झालं असतं.

आता त्या खोलीत ओले कपडे वाळतात,
कोपऱ्यात बटाट्याचं पोतं.
परवा शद्रख बागेतून बूट घालूनच आत आला,
फरशीवर चिखलाचे ठसे, दारापासून खुर्चीपर्यंत.
मी ओरडले. फडकं आणलं.
गुडघा टेकता टेकता
मध्येच थांबले,

आणि उभ्या उभ्या
पायानंच पुसून काढलं.