सलगरे, प्लायवर

शफीककडून सतारी कोरताना पडलेला भुसा आणला,
हिरव्या रंगात भिजवून गच्चीवर वाळवला.
ते झालं गवत.
फुटक्या भोपळ्याची पाठ उपडी ठेवली, ती टेकडी.
रुळांखाली चहाचा चोथा,
दोनदा उकळलेला, नाहीतर रंग सोडतो.

मिरजेतल्या या पलंगाखाली सरकवता येईल एवढं
सलगरे स्टेशन,
नॅरोगेजचं, रूळ उखडायच्या आधीचं.

फोटोसाठी पोटावर झोपतो.
मोबाईल रुळांच्या पातळीला आणला
की पुठ्ठ्याचा पत्रा गंजलेला दिसतो,
टेबललॅम्प कलता केला की चारची उन्हं.
फलाटावर एक मुंगी आली,
बैलाएवढी.
थांबलो. त्या गाडीला तरी कुठं घाई असायची.

रात्री फोटो बाबालाल शिकलगारला पाठवला,
एकवीस वर्षं तिथं पॉइंट्समन.
गाडीबद्दल, टेकडीबद्दल काही नाही.
एवढंच आलं:
"लिंब डावीकडं होता. डबा त्याच्याखाली खायचो."

चिमट्यानं झाड उपटलं.
उजवीकडं भोक राहिलंय.
बुजवायला भुसा आहे,
पण आधी
डावीकडं सावली कुठवर जाते
ते बघतो.