मेतकूट

डेलरीन विचारत नाही, गोळी का चुकली.
ती विचारते, त्या दिवशी नऊ वाजता तू कुठे होतास.

गोदामात. बाराव्या रांगेत.
हातात कुणाच्या तरी वाढदिवसाचं खोकं,
आणि गोळ्या घरी, फ्रिजवर, मेतकुटाच्या बरणीत.
मेतकूट म्हणजे काय, यात दहा मिनिटं गेली.
भाजलेल्या डाळी, हिंग, हळद.
घरातल्या बाकी तिघांना वास सहन होत नाही,
म्हणून ती बरणी कुणी उघडत नाही.
तिने वहीत लिहून घेतलं, विचारून विचारून, एकेक अक्षर.

वॉल्व्हरहॅम्प्टनच्या या खोलीतून बसस्टँड दिसतो.
पहिल्या भेटीत मी नुसत्या बस मोजल्या.
तीही मोजत बसली.
माझ्या चौदा झाल्या, तिच्या पंधरा.

'विसरलो' हा शब्द मी घरून आणला होता,
इस्त्री करून.
खरं म्हणजे गोळी तळहातावर असते
आणि मी बघत राहतो तिच्याकडे.
रोज एकदा नव्याने कबूल करायचं,
तेही रिकाम्या स्वयंपाकघरात, नळाच्या पाण्यासोबत.
हे मी मराठीत बोलून गेलो.
ती म्हणाली, परत म्हण.
तिला यातलं एक अक्षर कळत नव्हतं.
परत म्हटलं.

ऑक्टोबर संपताना इथे घड्याळं तासभर मागे नेतात.
मी विचारलं, गोळी जुन्या नऊला की नव्या?
ती हसली, डोळे पुसले,
म्हणाली, तू विचारतोयस म्हणजे घेतोयस.

आता किल्ल्यांच्या जुडग्यात एक बारीकशी डबी आहे,
तीत एक गोळी, अडीअडचणीला.
फोनवर गजर आहे, त्याचं नाव मेतकूट.
बाराव्या रांगेत तो वाजतो तेव्हा
शेजारचा झ्बिग्न्येव ओरडतो, तुझी मेतकूट आली!
त्याला वाटतं, बायको.
मी हात वर करतो आणि पाण्याच्या पिंपाकडे जातो.

मार्चच्या तपासणीत विषाणू सापडला नाही.
त्याच रात्री आई फोनवर म्हणाली,
हल्ली तू सापडत नाहीस रे.
मी म्हटलं, आहे. आहे इथेच.
बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.

परवाच्या मंगळवारी चुकली एक.
नऊ वाजता कुठे होतो, ते आठवतंय.
बुधवारी सांगेन.