चढावर की उतारावर

त्सिआला नर्सची जुनी निवा
वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायची.
फट्. फट्-फट्. मग जरा थांबून,
काही विसरलं होतं ते आठवल्यासारखं, फट्.
खुलोच्या उतारावर कुत्र्यांनीसुद्धा
तिच्यावर भुंकणं सोडून दिलं होतं.

"कधी होतं?" मी विचारलं.
"चढावर की उतारावर?
पाय दाबताना, की काढून घेताना?"
ती हसली. असले प्रश्न विचारणं तिचं काम.
"उतारावर. पाय काढला की लगेच.
सकाळी गार असताना जास्तच."
आणि रोग्याच्या नातेवाइकासारखी
मांडीवर हात घेऊन बसून राहिली टायरवर.

आधी मी चुकलो. ते सांगून टाकतो.
चारही प्लग बदलले, कार्बोरेटर उघडला,
जेट फुंकून साफ केले, पैसे घेतले,
आणि ती पुलापर्यंतही पोचली नसेल,
दरीतून माझीच चूक मला ऐकू आली :
फट्.

दुसऱ्या दिवशी इंजिन गारच ठेवायला सांगितलं.
सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायला
पुतण्याला, बद्रीला, बसवलं,
आणि बॉनेटखाली कान घातला.
कुठेतरी सूं सूं होत होतं,
पण कुठे ते गलक्यात उमगेना.
तेव्हा तिनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढला.
"घे. पण पुसून दे."

पहिलं सिलिंडर ठणठणीत. दुसरंही.
तिसऱ्यापाशी, मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला बिलगतो,
तिथे काहीतरी दमेकऱ्यासारखं फुसफुसत होतं.
बॅटरी मारली. काजळीचा बारीक ओघळ,
तीट लावताना बोट घसरावं तसा.

गॅस्केट जळलेलं, एक स्टड मोडलेला.
पाय काढला की नळी आत श्वास ओढते,
त्या फटीतून बाहेरची हवा शिरते,
आणि वेळेवर जळायचं राहून गेलेलं पेट्रोल
भलत्या जागी, भलत्या वेळी पेट घेतं.
एवढंच. भूतबीत काही नाही.

त्या मोडक्या स्टडनं मात्र दोन दिवस खाल्ले.
रॉकेल पाजलं, बत्तीनं तापवलं,
आधी आमच्या भाषेत शिव्या दिल्या, मग रशियनमध्ये.
रशियनला सुटला. गाडीही तिकडचीच.

नवं गॅस्केट, नवे नट, मधून बाहेर असे आवळत नेलेले.
निवा उतरली दरीत.
मी हात पुसत उभा. नदीचा आवाज. बाकी काही नाही.
किती वर्षांनी नदी ऐकत होतो कोण जाणे.

आठवड्यात लोक माझ्या दारात.
म्झेविनारआजी सर्वांत पुढे, काठी उगारून :
"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"
फट् ऐकू आलं की तिची विडी चुलीत जायची,
पाच मिनिटं होती पदरात, तोंड धुऊन
खाटेवर आजाऱ्यासारखं पडायला पुरेशी.
आता झुरका घेता घेताच सापडली.
रेझो सापडला द्राक्षांच्या दारूसकट,
बुरणीत हात घातलेला साखरवाला जुमबेर सापडला,
आणि आठ महिने गुडघा वाकत नाही म्हणणारा एकजण
अक्रोडाच्या झाडावर.

मी हसलो. खूप हसलो.
काल दुपारी खारट चीजचा तुकडा,
डॉक्टरनं तोडायला सांगितलेला,
तोंडात धरून गाडीखाली निजलो होतो.
डोक्याशी दोन बूट येऊन उभे राहिले.
कधी आले, कळलंही नाही.

"बाहेर ये, अंझोर. बाही वर कर."
तोच स्टेथोस्कोप. माझ्या काळ्या बोटाचा ठसा
अजून त्याच्या नळीवर.
छातीवर ठेवला, गार. बराच वेळ ऐकत राहिली.
मग थोडा सरकवला. पुन्हा ऐकलं.
मी चीज गिळलं.

कितीवर आहे, ते सांगितलं नाही.
टायर ओढून माझ्यासमोर बसली,
आणि माझ्याच आवाजात विचारलं :
"कधी होतं? चढावर की उतारावर?"