येणे बाकी

शारजात, खालिद बंदराच्या पाठीमागे
आमचं दुकान : दोरखंड, कांदे, गोडं पाणी, डिझेलची पिंपं,
जहाजाला लागेल ते, रात्रीबेरात्री.
अब्बा म्हणायचे, वाण्याचंच दुकान हे,
फक्त गिऱ्हाईक तरंगतं.

दर मार्चात शटर अर्धं ओढून
आम्ही अर्ज वाचायला बसतो.
फुफी, सलमानभाई, मी,
आणि कमी ऐकू येणारी अम्मी,
जिला पहिल्या वर्षी मी सांगितलं :
पोरांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला पैसे देतोय.
तर म्हणाली, सोयरीक जमवायला शिकावं लागतं?
मग थोडं थांबून :
मोडायला लागत असेल.

सलमानभाईंचं ठरलेलं असतं.
बाणकोटच्या शाळेवर छप्पर घालू, दिसेल तरी.
डॉक्टर करू एखादा.
ही पोरं शिकून काय करणार,
परिषदेत बसून पाणी पिणार?
त्यांचं चुकत नाही.
माझ्याकडे उत्तर म्हणून आहे एक खातेवही,
निळ्या कापडी पुठ्ठ्याची. पान एकशे बारा.

जहाज : ऑलिंडा.
झेंडा अशा देशाचा ज्याला समुद्रच नाही.
मालक म्हणजे पिरेयसमधला एक फोन,
तो उचलायचा बंद झाला.
माल तिसऱ्याचा, विमा चौथ्याचा,
आणि चौदा खलाशी, जे कुणाचेच नव्हते.
अकरा महिने नांगर टाकून,
किनाऱ्यावरच्या गाड्यांचे दिवे मोजता येतील इतके जवळ.
उतरायला कागद नाही.

अब्बा गुरुवारी लाँच घेऊन जायचे.
अक्षर त्यांचंच, डावीकडे कललेलं :
पाणी चार टन. तांदूळ.
बटाटे, थोडे मोड आलेले, अर्ध्या भावात.
तापाच्या गोळ्या.
पतंग एक, मांजा दोन रिळं (कुकचा हट्ट).
पुन्हा पाणी.
पुन्हा पाणी.
पांढरं कापड, सात मीटर.

या शेवटच्या ओळीपुढे रक्कम लिहिलेली नाही.
त्या गुरुवारी लाँच परत येताना
पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसली होती, असं फुफी सांगते.

त्यानंतर अब्बा कचेऱ्यांतून फिरले.
प्रत्येक टेबलावर चहा मिळाला.
हा आमच्या अखत्यारीतला प्रश्न नाही,
हे चार भाषांत ऐकून आले.
चारही त्यांना यायच्या,
सातवी शिकलेल्या माणसाला.
रात्री चपला काढता काढता म्हणाले,
हे ज्याचं काम, तो माणूसच कुणी घडवलेला नाही अजून.
आणि ती उधारी
मरेपर्यंत त्यांनी बुडीत खाती टाकली नाही.

यंदा रुमाना सिकदर, चितगावची.
अर्जात पहिलंच वाक्य : माझे वडील जहाजं तोडतात.
जिनिव्हात दोन वर्षं. फी, खोली, पुस्तकं,
हिवाळी कोट एक, पुढे कंसात : जुना चालेल.
फुफीनं तेवढा कंस खोडला.

मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून मुलाखत घेतली.
सलमानभाईंनी विचारलं तेच, शिकून काय करणार?
ती म्हणाली, माहीत नाही.
आधी बघायचंय,
मालक हा शब्द कुठल्या कागदावर कोण लिहितं,
आणि कोण पुसतं.
सलमानभाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, जेवलीस का?

ऑलिंडा पुढे कुठे तुटली, आम्हाला कळलं नाही.
तिलाही विचारलं नाही.

काल पैसे पाठवले.
नोंद करायला वही उघडली तर
कापडाच्या ओळीपुढची रिकामी जागा दिसली.
पेन तिथे गेलंही.
नाही लिहिलं. पान उलटलं.

अम्मीनं खाटेवरून विचारलं, जमली का?
मी कानाशी वाकून सांगितलं,
लग्न नाही अम्मी, पोरगी शिकायला चाललीय.
म्हणाली, ओरडतेस कशाला,
तेच विचारतेय.