काडी निवडताना

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये
टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही अकरा जणी.
तोंडाला स्कार्फ, नाकात गंधक मुरलेला.
हिरवा इकडे, पिवळा तिकडे,
काळपट खाली पाटीत,
आणि काडी दिसली की काडी.
हात आपले आपण चालतात,
म्हणून कान मोकळे.

शहनाज मुजावर सांगते, आम्ही ऐकतो.
रेडिओ बिघडला त्या सालापासून हे असंच.
मुकादम म्हणतो, तोंडं आवरा,
पण वजनकाट्यापाशी तोही
गरजेपेक्षा जरा जास्तच रेंगाळतो.

आज मालन आवळेची गोष्ट.
सावळजच्या रस्त्याला तिचं दुकान,
पत्र्यावर ब्रशनं लिहिलेलं: मोटार रिवायंडिंग.
नवरा गेला तेव्हा आत सात जळक्या मोटारी होत्या
आणि दारात सात गिऱ्हाइकं,
आपापली मोटार परत न्यायला आलेली.
"आठ दिवस द्या," ती म्हणाली.
सहा जणांनी दिले नाहीत.
सातव्यानं दिले, कारण त्याची तशीही
भंगारातच जाणार होती.

इथं शहनाज हात थांबवते.
दिवसात एवढ्याच वेळा थांबवते.
हवेत तार गुंडाळून दाखवते:
"रात्रभर, गं! कंदिलाच्या उजेडात!
जळकी तार उकलत एकेक फेरा मोजला,
खडूनं भिंतीवर मांडला,
आणि तेवढेच फेरे नव्या तांब्याचे.
पहाटे मोटार विहिरीत सोडली
तर पाणी बांध ओलांडून थेट देवळापातूर!"

गेल्या साली पाणी बांधापर्यंतच आलं होतं.
त्याच्या आधीच्या साली मोटार तीन एचपीची होती,
आता साडेसात.
आम्हाला ठाऊक आहे. आम्ही बोलत नाही.
मालन फेरे मोजून भरते,
शहनाज न मोजता.

मग त्या गुरुवारी जाळीचं मशीन बंद पडलं
आणि पाना-पक्कड घेऊन मालनच आली.
मशीनखाली आडवी, नुसते पाय बाहेर,
टाचेच्या भेगांत वार्निश.
शहनाजची तिकडं पाठ,
गोष्ट ऐन देवळाच्या पायरीशी.

मशीनखालून आवाज आला:
"रात्र नव्हती. दुपार हुती.
आन् पैल्यांदा भरली ती जळाली.
दुसऱ्यांदा बी जळाली."

शेडमध्ये फक्त पंख्याचा खडखडाट.
शहनाजनं स्कार्फ हनुवटीखाली ओढला.
"मग? सांगू का नको?"

मालन बाहेर सरकली. फडक्याला हात पुसत
बराच वेळ विचार केला तिनं.
"जळाली ते सांग.
रात्र बी ऱ्हाऊ दे. बरी वाटती ऐकाया."

तेव्हापासून गोष्टीत मोटार दोनदा जळते.
आणि ट्रॅक्टरच्या लायसनला दोनदा नापास झालेली
आमची प्रणाली
नेमकी तिथंच काडी निवडायची विसरते.

परवा शहनाज आली नाही.
मिरजेला लेकीचं बाळंतपण.
टेबल मुकं. दुपारपर्यंत
बेदाण्याचाच आवाज येत होता पाटीत पडताना.
मग त्रिशलाक्का खाकरली,
जिला चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत:
"बॉक्समागं दोन रुपयं कापलं हुतं न्हवं का...
त्या साली... तवा ही शहनाज उठली.
चपला घातल्या. दारात जाऊन उभी ऱ्हायली.
बोलली काय न्हाई."

"एवढी बोलणारी बाई?"

"चकार शबूद न्हाई."

"मग सगळ्या उठल्या?"

"न्हाई गं. आदी चारच.
मी पाचवी. मला भ्या वाटत हुतं."

काट्यापाशी मुकादम
तोच बॉक्स तिसऱ्यांदा तोलत होता.

"दुपार होती का?" प्रणालीनं विचारलं.
आक्का आठवायला लागली.
मी हातातली काडी बाजूला ठेवली
आणि म्हणाले,
रात्र होती.
कंदील होता.