घडीवर अर्धा

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
कूलर कॉम्प्युटरला लागतो.
उरलेल्या हवेत मी.

स्क्रीनवर कापड नसतं.
अठ्ठावन्न इंची एक रिकामा पट्टा असतो,
त्यात सदऱ्याचे तुकडे सोडायचे.
बटण दाबलं की बाह्या उलट्या होऊन
एकमेकींच्या बगलेत शिरतात,
कफ कुठेही मावतात, गरीब पाहुण्यांसारखे.
कोपऱ्यातला आकडा चढत जातो :
एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, त्र्याऐंशी पूर्णांक चार.
शेठ येऊन तेवढाच वाचतात.

पौनीकर मास्तर चष्मा कपाळावर चढवतात.
"उभा धागा कुठं हाय याच्यात?"
मी बाण दाखवते.
"बाण नोको दाखवू. धागा दाखव."

गांधीबागेतल्या हमालांचे चाळीस सदरे
परत आले. उसवलेले नव्हते, डागही नव्हता.
बिल्ल्याचा खिसा जागच्या जागी.
पण अंगात घातले की कॉलर एकीकडे घसरते
आणि पुढचा एक पदर दुसऱ्याखाली लोंबतो.

मी फाइल उघडली. मापं चोख.
आमची रीत सोपी आहे :
मधोमध घडी धरायची, अर्धा माणूस काढायचा
आणि आरसा दाबायचा.
उरलेला अर्धा आपोआप येतो,
केसाचा फरक नाही.

मास्तर शिडी लावून माळ्यावर गेले.
खाली आले ते तारेत ओवलेले पुठ्ठे घेऊन,
धुळीने घसा बसलेला.
पुठ्ठ्यावर निळ्या खडूत, अर्धं पुसलेलं :
रूपचंद. इतवारी. धान्य. उजवा पाव खाली.
पाठ अख्खी कापलेली, घडीची खूण कुठेच नाही.
"गोणी कोन्त्या खांद्यावर घेतो,
थे पहिले विचारत होतो.
टेप मंग."

डिजिटायझरच्या पाटीवर पुठ्ठा ठेवला.
तो वर उचलत होता, चाळीस वर्षांचा बाक होता त्याला;
मास्तरांनी आपली मोठी कात्री ठेवून दाबला.
मी कडेकडेने टिपत गेले :
गळा, डावा खांदा, मुंढा, बगल,
मग उजवा खांदा, वेगळा,
जसा दुसऱ्याच कुणाचा.

स्क्रीनवर चौकट आली.
"काय म्हन्ते थे?"
"दोन्ही बाजू जुळत नाहीत म्हणतंय. सारख्या करू का?"
मास्तरांनी खडूने कान खाजवला.
"त्याले म्हना, रूपचंदले विचारून ये."
मग जरा वेळाने, पुठ्ठे तारेत परत ओवताना,
"अकरा वर्सं झाली त्याले जाऊन."

मी 'नाही' दाबलं.

आकडा उतरला. एकोणऐंशी पूर्णांक दोन.
बाह्या आता कुशीत शिरेनात,
मधेमधे कापडाची रिकामी बेटं.
शेठनी वरून हाक मारली, मग स्वतःच आले.
उभे राहिले. चाळीस सदऱ्यांना किती मीटर जास्त,
ते त्यांनी मोबाइलवर काढलं, पुन्हा काढलं.
काही बोलले नाहीत. नाही म्हणाले असंही नाही.
प्लॉटर मात्र मी चालू केला होता,
त्याची सुई कागदावर उजवा खांदा उतरत होती.

संध्याकाळी मेट्रोच्या काचेत
मी दिसले, मागे वाडीकडचा लाल उजेड.
माउसचा खांदा थोडा खाली आलाय.
पाव नाही.
एखादं सूत.