लाभ, दोन, तीन

प्रतीक्षा सरवदे कधीच ‘एक’ म्हणत नाही.
माइक हातात आला की
लाभ, दोन, तीन, चार
आणि सुटते.

कोरेगाव पार्कातल्या पोरांना वाटतं, स्टाइल आहे.
स्टाइल कसली.
बाप मार्केट यार्डात तोलणार.
तीस वर्षं कांद्याच्या गोण्या मोजल्या त्यानं,
आणि पहिल्या गोणीला ‘एक’ म्हटलं
तर बरकत जाते म्हणतात.
आता काटा इलेक्ट्रॉनिक,
आकडे आपोआप लाल उमटतात,
तरी तो मोजतो.
घशाची सवय.

आई बायंडिंगला. अप्पा बळवंत चौकाच्या मागं
गाइडांचे फर्मे दुमडायची.
वाया गेलेले कागद घरी यायचे,
भाकरीखाली, कपाटाच्या पायाखाली, पोरीच्या हातात.
आठव्या पानावर पानिपताला फौज निघालेली,
पुढचं पान एकदम तेरा,
तिथं सूर्यफुलाचं परागीभवन.
पोरगी थांबायची नाही.
फौज घेऊन थेट फुलात शिरायची.
लोक आज विचारतात, एवढ्या उड्या कुठं शिकलीस?

मी अप्परच्या शेवटच्या स्टॉपसमोर मोबाइल दुरुस्त करतो.
नववीत तिला एक इअरफोन दिला,
गिऱ्हाइकानं टाकलेला, उजवा कान मेलेला.
दोन वर्षं तिनं परदेशातली गाणी
डाव्या कानानं ऐकली.
कशात नुसता ठोका यायचा,
बोलणारा पलीकडंच राहायचा.
मग त्याच्या वाटचं हीच बोलायची,
बसमध्ये, नळावर,
दहावीच्या गणिताच्या पेपरालासुद्धा.
ओठ हलतात म्हणून सुपरवायझरनं जागा बदलली.

पहिलं रेकॉर्डिंग माझ्याच दुकानात.
शटर खाली, पंखा बंद,
आवाज घुमू नये म्हणून भिंतीला बापाची बारदानं.
चौथ्या टेकला तिला शिंक.
सहाव्याला मला.
सातव्याला बाहेर पीएमटी रिव्हर्स घेत होती,
कंडक्टरची शिट्टी आत आली.
ती मात्र तिनं ठेवली.

मिक्सिंगचा मुलगा सभ्य. म्हणाला,
बाकी कडक झालंय,
फक्त ते ‘पानी’ तेवढं ‘पाणी’ करू या का?
ती म्हणाली,
आमच्या नळाला पानीच येतं.
तेपन पहाटे चारला.
पाणी तिकडं येत असंल, कोथरूडला.

बाकीच्यांच्या ओळी छाती काढून येतात.
हिच्या पाठीवरून येतात,
वाकून, गुडघ्यातून जोर घेऊन,
ट्रकला लावलेल्या फळीवर
एकेक पाय जपून टाकत,
आणि वर पोचल्यावरच
धाडकन सोडतात वजन.

कल्याणीनगरच्या गच्चीवर चारशे माणूस उभं होतं.
आई होती, चप्पल हातात घेऊन
स्पीकरपासून लांब.
बाप नव्हता.
त्या रात्री नाशिकच्या गाड्या लागल्या होत्या.

चार दिवसांनी आला दुकानात, खांद्यावर टॉवेल.
दुरुस्तीला आलेल्या एका फोनवर मी लावलं.
त्यानं डोळे मिटून ऐकलं,
बोटं मांडीवर चालू.
संपल्यावर म्हणाला,
तिसऱ्या कडव्यात एक मोजायची राहिली.

काका, ती जागा मुद्दाम सोडलीय.
तिथं काहीच नाही. गप्प आहे ती.

बराच वेळ टॉवेलानं मान पुसत राहिला.
मग म्हणाला, म्हंजे धडा.
रिकाम्या भांड्याचं वजन
आधी बाजूला काढत्यात, तसं.
बरोबर हाय.
नायतर माल किती, कळनार कसं?

परत लाव म्हणाला.

तेवढ्यात फोनचा मालक आला.
त्याला म्हटलं, डिस्प्ले आला नाही अजून,
उद्या या.